पार्बताबाईचा शेजार

वऱ्हाडातल्या निंबखेडला सोनबा महाराज मारुतीच्या पारावर येऊन राहिले, त्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती. गावाला लागून रान आणि रानाला लागून पार्बताबाईचे ज्वारीचे वावर. एकटी विधवा बाई; तेवढ्या ज्वारीवर तिचे वर्ष निघायचे. महाराज तिला एकदा म्हणाले होते, "रानाशी शेजार आहे, बाई. शेजाऱ्याला वाटा द्यावा." त्या दिवसापासून ती रानाकडच्या पाच ओळी न कापता तशाच ठेवी.

दौलत पाटलांना याचे भारी हसू येई. "पार्बते, डुकराले जेवाले बोलावतं, त पाट-रांगोळीबी मांड!" असे ते भर चावडीत म्हणत. ती खाली मान घालून निघून जाई. वाईट वाटायचे, फार वाटायचे. पण ओळी राहायच्या.

त्या वर्षी कणसे भरली आणि एका सकाळी पाटलांच्या ज्वारीत रानडुकरांचा कळप शिरला. कळप हुसकायला पाटलांनी हाका घातला. ढोल आले, डबे आले, पन्नास माणसे आली. डुकरे रानातून येतात, तेव्हा आधी रानाकडची बाजू बंद करा, असा पाटलांचा हुकूम. कळप तर केव्हाच आत आला होता. त्याची घरी जायची वाटच अडवली जात होती, पण हे पाटलांना सांगायची कोणाची छाती? बिथरलेली डुकरे शेजारच्या पार्बताबाईच्या वावराकडे सरकू लागली.

ती धावत पारावर आली. "महाराज, डुकरं माह्या वावरावर घातली जी! आता मी वरीसभर खाऊ काय?"

महाराज भाकरी खात होते. "बांधावर उभी राहा," महाराज म्हणाले, "आणि शेजाऱ्याला घरची वाट दाखव."

एवढेच! ती बांधावर जाऊन उभी राहिली. हात जोडून म्हणाली, "बाप्पाहो, तुमचा वाटा पलीकडं हाय. हे माह्या पोटाचं हाय. मधून जा, पन मोडू नका."

आणि काय सांगावे, भाविकहो! धूळ उडवत आलेला कळप थबकला. पुढची डुकरीण दोन ओळींमधून चालू लागली, तिच्यामागे पिल्ले, त्यांच्यामागे बाकीची, एकामागे एक. ज्वारीचा एक धांडा मोडला नाही.

पाटलांना ते बघवले नाही. काठी उगारून ते आडवे धावले आणि नेमके पिल्लांच्या अंगावर गेले. डुकरीण उलटली. पाटील उताणे पडले, काठी कुठल्या कुठे गेली. पन्नास माणसांतला एकही पुढे झाला नाही. पार्बताबाई मात्र मध्ये जाऊन उभी राहिली.

"जाऊ दे माय त्याईले," ती म्हणाली. "तुह्यासारखेच लेकरंवाले हायेत ते."

डुकरीण क्षणभर फुरफुरली, वळली आणि पिल्लांना घेऊन रानात निघून गेली.

पाटील धुळीने माखलेले तसेच पारावर आले आणि महाराजांचे पाय धरू लागले. महाराजांनी पाय आखडून घेतले. "मी तर जागचा उठलो नाही," महाराज म्हणाले. "तुझ्यासाठी मध्ये कोण उभे राहिले, ते तुला ठाऊक आहे."

पाटील वळले. मागोमाग आलेल्या गर्दीत पार्बताबाई उभी होती. सारे गाव बघत होते. कधी कोणापुढे न वाकलेल्या त्या माणसाने पार्बताबाईच्या पायांवर डोके ठेवले. ती संकोचून मागे सरली. "उठा जी पाटील, लोक पाह्यतेत," ती म्हणाली.

"पाहू दे," पाटील म्हणाले, आणि डोके तसेच ठेवून राहिले.