परत न गेलेला प्रसाद

एका जंगलाच्या मधोमध एक देवराई होती आणि मुलांनो, ती देवराई म्हणजेच एक स्वतंत्र राज्य होते. राज्य केवढे, तर सशाने एका दमात फेरी मारावी एवढेच. एक म्हातारे कासव तिथले महंत होते आणि कोठार एक खार सांभाळत असे. राज्यात शेत नव्हते, की कर नव्हता. दर जत्रेला आसपासचे पशुपक्षी आपले धान्य देवापुढे ठेवत. त्यातले थोडे राज्य ठेवून घेई, बाकीचे प्रसाद म्हणून वाटून टाकी. यात्रेकरू तो प्रसाद घरी नेऊन पेरत आणि पुढच्या जत्रेला त्याच पिकातले धान्य घेऊन येत. देवराईतले सगळे मात्र याला नुसती रीत म्हणत.

खार मेहनती होती, राज्यावर तिचा जीव होता. एकदा जत्रेच्या तोंडावर ती म्हणाली, "महाराज, देवाला वाहिलेलं आपण परत का वाटतो? सगळं ठेवलं तर दुष्काळातही नैवेद्य चुकणार नाही." कासवाला हे मनातून पटले नाही. पण वाद घालायचा त्याला भारी कंटाळा. "तुला योग्य वाटेल तसं कर, खारूताई," ते म्हणाले.

जत्रेत माळावरची चिमणी ज्वारीचे दाणे वाहून प्रसादासाठी थांबली.

"यंदा प्रसाद नाही," खार म्हणाली.

"अगं, माळावरचं पीक करपलं. होतं नव्हतं ते घेऊन आले मी. आता पेरू काय आणि पिल्लांना घालू काय?"

"पुढच्या जत्रेला बघू हं, चिऊताई."

चिमणीने महंतांकडे पाहिले. कासवाने मान कवचात ओढून घेतली.

पुढच्या जत्रेला कोठार शिगोशीग भरलेले होते, पण देवराईत कोणीच आले नाही. कासवाला राहवेना. थोडे दाणे पानात गुंडाळून, ती पुडी तोंडात धरून ते माळाकडे निघाले. पोहोचले तेव्हा बाभळीवरचे घरटे रिकामे होते आणि खालची जमीन उघडी पडली होती. कासवाने तरीही दाणे मातीत टाकले. ते वाऱ्याने उडून गेले, कारण कोठारातल्या किडीने त्यांना आतून पोखरले होते. "चिऊताई, मी तेव्हाच बोलायला हवं होतं गं," कासव म्हणाले. ऐकायला तिथे कोणी नव्हते.

तात्पर्य : ज्यांच्या देण्यावर आपण जगतो, त्यांना रिकामे परत पाठवले जात असताना गप्प बसू नये, नंतरच्या पश्चात्तापाने ते परत येत नाहीत.