राजांच्या उड्या, भालदारांचा घाम

शपथेवर सांगतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा माझा जन्म झाला नव्हता, ती गोष्ट वेगळी.

आमच्या संस्थानचे राजे विलायतेहून कॅलरी मोजायचं खूळ घेऊन आले. रोज सकाळी दरबारात ते जागच्या जागी उड्या मारत. त्यांना दगदग नको म्हणून दोन भालदार बगलेत हात घालून त्यांना उचलत आणि अलगद खाली ठेवत.

एकदा उड्या आटोपल्यावर राजांनी लाडवांचं ताट मागवलं आणि तालमीचे वस्ताद येसाजी यांना विचारलं, "किती लाडवांच्या कॅलऱ्या जळाल्या? तेवढेच खाऊ. चुकलात तर तालमीला कुलूप!"

येसाजींनी घामाने निथळणाऱ्या भालदारांकडे पाहिलं. "चार लाडवांच्या, सरकार."

राजांनी हात पुढे केला. येसाजींनी ताट उचलून भालदारांपुढे धरलं. "घ्या रे, दोन-दोन. मेहनत तुमची. सरकार नुसते वर जाऊन आले."

कारभाऱ्यांनी लगेच कुलूप मागवलं. राजे मात्र खदखदून हसले.

यातलं हसणं माझ्या पदरचं. खरं तर राजांनी भालदारांना बाजूला सारून एकट्याने उडी मारून पाहिली. पाय जमिनीवरून सुटेचनात. दुसऱ्या दिवशी ते मुकाट्याने येसाजींच्या तालमीत हजर झाले.