सगुणाचं हिरवं लुगडं

घाटमाथ्यावरच्या एका गावात सावळा नावाचा गवळी राहायचा. बायको सगुणा, पाळण्यात एक तान्ही लेक आणि दावणीला एक म्हैस, एवढाच त्याचा संसार. लेकीला सगळे बयो म्हणत.

म्हशीचं नाव मैना. नाव मैना, पण स्वभाव इतका खट की विचारू नका! तिचं पारडू जन्मताच मेलं होतं. तेव्हापासून ती फक्त सगुणाच्या हाताला पान्हवायची. दुसरं कुणी कासेला बसलं की चरवी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे.

पुढे सगुणा तापानं गेली. मैना दूध चोरू लागली आणि पाळण्यात बयो भुकेनं रडू लागली. दिवस उन्हाळ्याचे. गावातली बाकीची जनावरं आटलेली, अंगावर पाजणारी बाई गावात एकही नाही. सावळानं मैनेला पेंड चारली, तिच्या पाया पडला, पण म्हैस ढिम्म हलेना. शेवटी त्यानं वलणीवरचं, सगुणाचं मागे उरलेलं एकुलतं एक हिरवं लुगडं ओढलं, नेसलं, डोक्यावरून पदर घेतला आणि चरवी धरून बसला. मैनेनं लुगडं हुंगलं. मोठा सुस्कारा टाकला आणि चरवीत धार वाजू लागली.

आधी तो धारेपुरतं लुगडं नेसायचा. मग ध्यानात आलं की त्या पदरात घेतलं की बयोही गप्प होते. मग तो दिवसभर ते नेसू लागला. विहिरीवर त्यातच, दुकानात त्यातच. आणि खरं सांगायचं तर त्याला त्यात बरंही वाटायचं. एकदा तो शेजारणीला म्हणालाही, "धोतरात मला घर खायला उठतं, आक्का. यात उठत नाही."

गाव मात्र हसून लोटपोट. आता यात हसण्यासारखं काय होतं? लुगड्यालाही कासोटा, धोतरालाही कासोटा, फरक काय तो काठांचा! आणि जत्रेत लुगडं नेसून बाप्या नाचला की हेच लोक शिट्ट्या मारायचे. पण रोजच्या उन्हात, डोक्यावर घागर घेतलेला लुगड्यातला बाप्या त्यांना बघवेना.

"काय वहिनी, आज नथ विसरलात वाटतं?" विहिरीवर कुणीतरी विचारायचं.

"नथ नको, बाबा. पोरीच्या पोटात दूध गेलं की पुरे," असं म्हणून सावळा घागर उचलायचा.

सावळाचा थोरला भाऊ धोंडिबा. त्याची मुलगी लग्नाची झाली होती आणि तिला बघायला पाहुणे यायचे होते. तो तणतणत सावळाकडे आला.

"अरे, काका लुगडं नेसून हिंडतो म्हटल्यावर पाहुणे माझा उंबरा तरी ओलांडतील का?"

"पाहुणे असतील तोवर मी घराबाहेर पाऊल टाकणार नाही, दादा. पण हे सोडायला सांगू नकोस. मैना दुसऱ्या कशाला मानत नाही."

"जनावर ते! त्याला काय लुगड्याचं कळतंय?"

पाहुणे यायच्या दिवशी सावळा ओढ्यावर आंघोळीला गेला होता. लुगडं वलणीवर होतं. धोंडिबा आत शिरला, त्यानं ते खाली ओढलं आणि चुलीत घातलं. मनात म्हणाला, रडेल चार दिवस, मग येईल ताळ्यावर. धोंडिबा दुष्ट नव्हता. भावावर त्याची माया होती. पण मायेपेक्षा त्याला लोकांचं भय जास्त होतं.

पाहुणे आले, पुरणपोळी जेवले, मुलगी पसंत करून गेले. गावानं धोंडिबाची पाठ थोपटली. "घराण्याची अब्रू राखलीस, गड्या!"

त्या संध्याकाळी मैनेनं थेंबही दिला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बयोचं रडणं आळीभर ऐकू येऊ लागलं, तसं लोकांचं हसणं थांबलं. एकजण दूध आणायला घाट उतरून गेला. परत वर येईस्तोवर दूध उन्हानं नासलं.

मग बायका धावल्या. कुणी आपलं नेसूचं आणलं, कुणी ठेवणीतलं. पाटलीणबाईंनी तर पैठणी आणून दिली. सावळा एकेक नेसून बसला. मैना हुंगायची आणि मान फिरवायची. तेव्हा धोंडिबा पुढे आला. त्यानं अख्ख्या गावासमोर आपल्या बायकोचं लुगडं नेसलं, पदर घेतला आणि चरवी धरून बसला.

"दे ग आई, एवढी एक धार दे!" तो म्हशीपुढे रडला. मैनेनं लाथ मारली. तो उठला आणि पुन्हा बसला. कुणीही हसलं नाही.

बयोचं रडणं बारीक होत गेलं आणि मग थांबलं. सावळा तिला उराशी धरून गोठ्याच्या दारात आला.

"दादा, ऊठ आता," तो म्हणाला. "दूध पाजायचं कुणाला?"

पुढच्या वर्षी धोंडिबाच्या मुलीचं लग्न झालं. मांडवात सावळा पांढरंस्वच्छ धोतर नेसून बसला होता. तो कुणाशी बोलला नाही, की जेवला नाही. जाणारे येणारे मात्र एकमेकांना कौतुकानं सांगत होते, "बघा, सावळा आता कसा माणसात आला!" धोंडिबानं ते ऐकलं आणि मांडवाच्या खांबाला धरून तो खाली बसला.

तात्पर्य: लोक हसतील म्हणून दुसऱ्याच्या अंगावरचं ओढून घेऊ नये. मागाहून आपल्या अंगावरचं काढून दिलं, तरी गेलेलं परत येत नाही.