सहा किलोंचा प्रश्न

कोल्हापूरच्या मंजुळाकाकूंच्या दिवंगत यजमानांची जुनी स्पोर्ट्स कार घाट चढण्याच्या शर्यतीला निघाली होती. चालवणार होता पुतण्या रणधीर, जुन्या गाड्यांच्या क्लबाचा अध्यक्ष. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा पोलादी शाफ्ट यजमानांनी स्वतः लेथवर घडवलेला. तो काढून बाबालाल मिस्त्रींनी बाकावर ठेवला होता. आता तो भंगारात जाणार, म्हणून काकूंचा जीव तुटत होता.

"काकू, भावना बाजूला ठेवा. कार्बन फायबरचा शाफ्ट सहा किलोंनी हलका आहे," रणधीर म्हणाला. "पोलाद ठेवून गाडीचे सहा किलो कमी करून दाखवा, मग बोला."

काकूंनी डिकीतली हत्यारांची पेटी दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवली.

"घे, आठ कमी केले. तीस वर्षांत या शाफ्टसाठी ही पेटी एकदाही उघडावी लागली नाही. आता तुझा नवा शाफ्ट बसव आणि तूही पेटी घरी ठेवून घाट चढ."

रणधीरने पेटी भिंतीकडे सरकवली.

"मिस्त्री, काकांचाच बसवा," तो म्हणाला.

काकूंनी त्या पोलादावरून हात फिरवला. "जपून चालव हो. तुझे काका फार जोरात न्यायचे."