हिरड्याच्या बारीक नळ्या

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, शब्दही साधेच आहेत.

फार पूर्वी एका डोंगरकड्यावर पांगारा आणि हिरडा शेजारी राहत. पांगाऱ्याच्या खोडातल्या पाण्याच्या नळ्या रुंद होत्या, हिरड्याच्या सुईसारख्या बारीक. "थेंब थेंब पिऊन कधी मोठा होणार रे हिरड्या?" पांगारा चिडवायचा.

एका वर्षी पाऊस हुकला. कोरड्या मातीतून पांगाऱ्याने जोर लावून पाणी ओढलं, तशी नळ्यांत हवा शिरली आणि धार तुटली. त्याच्या फांद्या वाळल्या. हिरड्याच्या बारीक नळ्यांतली धार मात्र तुटली नाही; तो तगला, पण पार दमला.

अखेर एका संध्याकाळी वळीव कोसळला.

"आता तरी रुंद नळ्या कर बाबा," पांगारा हळूच म्हणाला. "एकदा पोटभर पी."

थकलेल्या हिरड्यालाही मोह झाला.

सकाळी त्याने शेजारच्या वाळक्या फांद्यांकडे पाहिलं आणि नवी नळी करायला घेतली. तीही बारीकच.