पहिल्या फेरीत कोण बसणार

फार वर्षं झाली. इतकी, की तेव्हाच्या नदीनं आता आपली वाटसुद्धा बदलली असेल. त्या नदीच्या काठी एक गाव होतं, आणि गावात दोर वळणारा एक वस्ताद होता.

नदीला पूल नव्हता. या काठापासून त्या काठापर्यंत जाडजूड दोर बांधलेला असे, आणि तो धरधरून नावाडी नाव पल्याड नेई. बाजार पल्याड, वैद्य पल्याड, लेकीबाळींची सासरं पल्याड. दोर आहे तर गाव आहे, असंच म्हणा ना.

त्या वर्षी जुना दोर पार झिजला. पावसाळा तोंडावर आला. राजाचा माणूस बजावून गेला, "पाणी चढायच्या आत नवा दोर लागला पाहिजे."

वस्तादाचे हात आता थकले होते. म्हणून त्यानं गावातली तरणी पोरं कामाला घेतली. त्यांत गेनू होता, अंगानं दणकट. बायजा होती, जिभेनं तिखट. पोरं मोठ्या हौसेनं आली. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, विंचरायचे, त्याचे पेड वळायचे, आणि तीन पेडांचा मिळून एक दोर. गात गात वळायची बिचारी.

पण वस्तादाला सारखी धास्ती. पोरांचा हात कच्चा. एखादा पेड सैल राहिला तर? भरल्या नदीत दोर तुटला तर? नावेत कुणाचं लेकरू असलं तर?

मग तो काय करी? दुपारी पोरं भाकरी खायला झाडाखाली गेली, की त्यांनी वळलेला पेड गुपचूप उकली आणि स्वतः पुन्हा वळून ठेवी. बोलला मात्र कुणाला नाही. उगाच पोरांचं मन कशाला दुखवा, असं त्याला वाटे.

एका दुपारी बायजा विसरलेली चटणी न्यायला मागं आली आणि तिनं ते पाहिलं. ती तशीच मागं फिरली आणि झाडाखाली जाऊन पोरांना सांगितलं.

त्या दिवसापासून गाणं थांबलं. कुणी उशिरा येई. कुणी वाख हातात धरून नदीकडं बघत बसे. वस्ताद घाबरला. त्यानं गूळ-शेंगदाणे वाटले. पोरांनी ते खाल्ले आणि पुन्हा जांभया दिल्या. रागावून पाहिलं, तर दोघंतिघं घरीच बसली.

इकडं नदीचं पाणी गढूळ व्हायला लागलं. वर कुठंतरी पाऊस पडत होता. दोर अर्धासुद्धा झाला नव्हता.

"काय वस्ताद," नावाडी म्हणाला, "दोर होतोय का, की यंदा माणसं म्हशीच्या शेपटीला धरून पल्याड न्यायची?"

वस्तादाला हसू आलं नाही. तो पोरांपुढं येऊन बसला. "बाळांनो, काय बिनसलंय? गोड बोललो, रागं भरलो, तुमचा जीव काही कामात लागेना. पाणी तर चढतंय."

गेनूनं मान खाली घातली. बायजा म्हणाली, "वस्ताद, तुम्ही उकलणारच, तर आम्ही घट्ट वळायचं कशाला?"

वस्ताद हळूच म्हणाला, "अगं, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. माझा डोळ्याला डोळा लागत नाही."

"आमचा लागतो की! तुम्ही चूक कधी दाखवली नाही, मग आम्हाला कसली काळजी? आणि पहिल्या फेरीत बसणार तर तुम्हीच."

त्या गावाची तशी रीतच होती. नवा दोर ज्यानं वळला, त्यानं पहिल्या फेरीत बसायचं. मग बाकीच्यांनी.

वस्तादानं हातातला वाख बाजूला ठेवला. "बरं," तो म्हणाला. "मी एकही पेड उकलणार नाही. चुकलं तिथं दाखवीन. उकलायचं तुम्ही, वळायचं तुम्ही. आणि पहिल्या फेरीत बसायचंही तुम्हीच."

गेनूचा चेहराच उतरला. "मला तर पोहायला येत नाही, वस्ताद!"

"मग नीट वळ की," बायजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोरं उजाडायच्या आत हजर. आपलाच पेड ओढून बघत, दुसऱ्याचाही ओढून बघत, भांडत, पुन्हा वळत. कुठं फुगीर दिसलं की वस्तादाचे हात शिवशिवत. तो ते मांडीखाली दाबून बसे आणि नुसतं म्हणे, "गेनू, इथं बघ रे."

पाणी घाटाच्या पहिल्या पायरीला लागलं, त्याच दिवशी दोर लागला. पोरं नावेत चढली. वस्ताद एकटा काठावर राहिला. आजवर तो नावेतच बसत आला होता. काठावर बसणं त्याहून अवघड, हे त्याला तेव्हा कळलं. मधोमध धार जोराची होती. दोर ताणला, करकरला. नाव थांबली. वस्ताद उठून उभा राहिला, पण करण्यासारखं काहीच नव्हतं.

मग नाव हलली. हळूहळू पल्याड टेकली.

पल्याडून गेनूची आरोळी आली, "वस्ताद! या टोकाला पेड जरासा ढिला वाटतोय! तुम्ही येऊ नका, आम्हीच आवळून घेतो!"

वस्ताद डोळे पुसत हसला. ती ढिलाई त्याच्याही नजरेतून सुटली होती. त्या पावसाळ्यात नदी दोनदा काठ सोडून वाहिली, पण दोर तुटला नाही आणि पोरांनीही काम सोडलं नाही.

तात्पर्य: ज्या कामाची काळजी आपण पोरांच्या हाती देत नाही, त्या कामात पोरांचा जीव रमत नाही.