चित्रातला डोळा

तळ्यावर माणसांची वाट पडायच्या आधीची गोष्ट. काठाच्या चिखलात रंगीत खडे बसवून चित्र करायचं मोराच्या मनात आलं. "चित्र सगळ्यांचं, ज्याने त्याने खडा आणा," असं तो झाडाझाडावर सांगून आला. जमिनीवर राहणाऱ्या टिटवीला मात्र कुणी विचारलं नाही. चित्र अर्थातच मोराचं निघालं.

टिटवी किडे टिपून परतली, तर जमिनीवरच्या खड्यांत घातलेलं तिचं अंडं गायब. ती ओरडतच तळ्यावर गेली.

"आली. हिची रोजचीच कटकट," खारूताई म्हणाली.

"अहो, चित्रातला डोळा म्हणजे माझं अंडं आहे."

मोराने मान वाकडी करून पाहिलं. "माकडाने ठिपक्यांचा खडा समजून ते आणलं. आता चिखल वाळलाय, काढायला गेलं तर फुटेल."

टिटवी चित्रावर चढली आणि त्या डोळ्यावर बसली.

"अगं बाई, चित्र झाकलं की," खारूताई म्हणाली.

"आठ दिवसांनी तुमचा डोळा उठून चालायला लागेल. तोवर लांबून जा. आणि पुढच्या वेळी खाली कोण राहतं ते आधी विचारा."

आठ दिवस सगळे वळसा घालून पाणी प्यायले. मोरसुद्धा, पिसारा आवरून.